मुनिराजूच्या तीन गाई

विश्वेश्वररावांनी नोकरीच्या काळात हजारो गाई हाताळल्या, पण त्या सगळ्या मेलेल्या होत्या आणि सगळ्या कागदावर होत्या. विमा कंपनीच्या जनावर विभागात त्यांनी उभी हयात काढली. कुठे गाय मेली की तिच्या कानातला बिल्ला, डॉक्टरचा दाखला आणि पंचनामा एवढा ऐवज त्यांच्या टेबलावर यायचा, आणि तो नीट तपासून ते गाईला शेवटचा निरोप द्यायचे. जिवंत गाईशी त्यांचा संबंध आला तो बेंगळुरात, घराजवळच्या बसवनगुडीच्या रस्त्यावर, आणि तोही ती त्यांच्या पिशवीतली कोथिंबीर ओढत असताना. तरी गाय या विषयात आपला अधिकार मोठा, याबद्दल त्यांना कधी शंका वाटली नाही. विम्याच्या धंद्यात शंका समोरच्याबद्दल घ्यायची असते, स्वतःबद्दल घेऊन चालत नाही.

तेव्हा मुलीच्या नोकरीत गाय शिरली, त्या दिवशी विश्वेश्वररावांना आपल्या निवृत्त आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं यात नवल नाही. सौम्या शेतीच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत होती. नोकरी करारावरची, दर वर्षी मार्च आला की घरात सगळे नव्या कराराच्या कागदाची वाट पाहत बसायचे. ही संस्था एका मोठ्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात सामील झाली होती. न्यूझीलंडच्या शेतकऱ्याला एक लिटर दूध केवढ्याला पडतं, हॉलंडच्या शेतकऱ्याला केवढ्याला, ब्राझीलच्याला केवढ्याला, अशी देशोदेशीच्या गोठ्यांची तुलना हे जाळं करत असे. यंदा भारताचा गोठा बेंगळुराजवळच्या होस्कोट्याचा घ्यायचा ठरलं होतं आणि ते काम सौम्याकडे आलं होतं. तिचे संचालक यशोवर्धन, मूळचे पुण्याचे, त्यांनी तिला सांगितलं होतं की हे होस्कोटे एकदा नीट पार पडलं की तुझं परमनंटचं बघून टाकू. तो शब्द उच्चारला गेल्यापासून सौम्याची आई वसुमतीबाई रोज देवापुढे होस्कोट्याचं नाव घेत होत्या.

कामाची पद्धत मोठी मजेशीर होती. ही मंडळी तुलनेसाठी कुठलाही खरा गोठा घेत नाहीत. खरा गोठा घेतला तर एखाद्याचा जावई जनावरांचा डॉक्टर निघायचा, एखाद्याची विहीर आटलेली निघायची. म्हणून त्या भागातले निदान चार शेतकरी एकत्र बसवायचे आणि चर्चा करून त्यांनी एकमताने सांगायचं की आमच्याकडचा साधारण गोठा असा: गाई इतक्या, जमीन इतकी, पेंड इतकी, दूध इतकं. असा जो गोठा तयार होतो तो कुणाच्याच मालकीचा नसतो, पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो शेजारच्याचा वाटतो. सौम्याने हे घरी समजावून सांगितलं तेव्हा विश्वेश्वररावांनी डोळे मिटून मान हलवली. ऐकलेली गोष्ट आपल्याला आधीपासूनच माहीत होती असं दाखवायची ही त्यांची जुनी रीत होती.

शेतकऱ्यांची बैठक ठरली शनिवारी, आणि शुक्रवारी संस्थेने सौम्याला दुसऱ्याच कामासाठी धारवाडला पाठवलं. तारीख पुढे ढकलायला सवड नव्हती, कारण आकडे पाठवायची मुदत संपत आली होती. विश्वेश्वररावांनी लगेच सांगून टाकलं की बैठक मी घेतो. यशोवर्धनांनाही फोनवर पटलं, काकांना इन्शुरन्सचा एवढा एक्सपीरियन्स आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही. विरोध केला तो वसुमतीबाईंनी. "पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. तिथे जाऊन तुम्ही ऐका, सांगत बसू नका," एवढंच त्या म्हणाल्या. विश्वेश्वररावांनी ते ऐकून घेतलं आणि जाताना टोपी घातली.

होस्कोट्याला पोचल्यावर कळलं की त्या दिवशी दूध सोसायटीची निवडणूक होती. ज्या शेतकऱ्यांना बोलावलं होतं त्यातले दोघे उमेदवार होते, आणि उरलेले दोन्हीकडची बिर्याणी खाऊन मत कुणाला द्यायचं या विचारात होते. विश्वेश्वररावांनी एकाला गाठून पेंडीचा भाव विचारला. त्याने तोंडातला घास न थांबवता सांगितलं की बसा, जेवा, पेंड कुठे पळून जात नाही. दुसऱ्याने त्यांना समोरच्या गटाचे निरीक्षक समजून लांबूनच नमस्कार घातला. दुपार कलली तरी चार शेतकरी काही एका जागी बसेनात, आणि विश्वेश्वरराव, ज्यांनी जन्मात कधी कुणाचा अर्ज अपुऱ्या कागदांवर पुढे सरकवला नव्हता, ते रिकाम्या हाताने परत निघाले.

के. आर. पुरमजवळ गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. तिथे माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो, आणि बेंगळुरातल्या पुष्कळ चुकीच्या निर्णयांचं मूळ याच जागी आहे. विश्वेश्वररावांनी पद्धत मनातल्या मनात तपासली. गोठा खरा नसावा, असं पद्धतीतच म्हटलंय. गोठा खरा नाही म्हणजे गाई खऱ्या नाहीत. गाई खऱ्या नाहीत तर त्यांचा मालक खरा असण्याचं कारण नाही. आणि मालक खरा नसेल, तर चर्चा करणारी चार माणसं होस्कोट्याचीच पाहिजेत हा हट्ट कशासाठी? महत्त्व आहे ते एकमताला. चार जाणती माणसं एकमताला आली की झालं. सिल्क बोर्डाच्या चौकापर्यंत हा युक्तिवाद इतका पक्का झाला की त्यांना होस्कोट्याला जाऊन वेळ फुकट घालवल्याचंच वाईट वाटू लागलं.

रविवारी सकाळी बसवनगुडीतल्या त्यांच्या दिवाणखान्यात होस्कोट्याच्या दूध उत्पादकांची बैठक भरली. हजर होते ते असे. एक, विश्वेश्वरराव स्वतः, अध्यक्ष. दोन, त्यांचे थोरले चुलतभाऊ सयाजीअण्णा. यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर बेंगळुरात आले, येताना त्यांनी पागा आणली, गाई आणल्या, आणि त्यातलं एकही जनावर गेल्या तीनशे वर्षांत कुणाच्या दृष्टीस पडलेलं नसलं तरी त्यांच्याविषयी अण्णा कालच धुऊन बांधल्यासारखं बोलत. तीन, वरच्या मजल्यावरचे सुधींद्र, हे ऑडिटर. आणि चार, वसुमतीबाई, ज्यांना कॉफी आणायला बोलावलं होतं पण चौथं माणूस कमी पडतंय म्हटल्यावर ट्रे खाली ठेवून बसवण्यात आलं. हे होस्कोट्याचे शेतकरी येणार होते ना, असं त्यांनी विचारलं. विश्वेश्वररावांनी त्यांना पद्धत समजावून सांगितली. ती त्यांना पटली नाही, पण कॉफी निवत होती.

आधी शेतकऱ्याला नाव देण्यावरून वेळ गेला. पद्धतीत नावाची गरज नव्हती, पण निनावी माणसाचा खर्च कसा काढायचा, असं अण्णांचं म्हणणं पडलं. त्यांनी सुचवलेली सगळी नावं सरदारांची होती. शेवटी सुधींद्रांनी मुनिराजू हे नाव काढलं, आणि होस्कोट्याकडचा माणूस म्हणून ते सगळ्यांना एकदम पटलं. मग गाई. अण्णांना हल्लीकर जातीच्या तीन देशी गाई हव्या होत्या, कारण शिंगांना डौल असतो. सुधींद्र म्हणाले की डौलाला दूध येत नाही, संकरित घ्या. दोन संकरित आणि एक हल्लीकर यावर तोड निघाली.

गाय दूध किती देते, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. विश्वेश्वरराव या क्षणाची वाटच पाहत होते. उभ्या हयातीत त्यांनी जेवढे दावे वाचले होते त्या प्रत्येकात गाय मरायच्या आदल्या दिवसापर्यंत वीस लिटर देत होती. मेलेली गाय कधी कमी दूध देत नाही. तरी सावधगिरी म्हणून त्यांनी अठरा धरलं, आणि आपण किती संयमाने वागलो याचं त्यांना दिवसभर कौतुक वाटत राहिलं.

खरी गंमत पुढे झाली. घरी किती दूध वापरतात, असा एक प्रश्न होता. हा प्रश्न मात्र चौघांच्याही खऱ्या अनुभवातला होता. वसुमतीबाई म्हणाल्या की आपल्याकडे माणसं तीन, तरी दोन लिटर लागतं. पहाटेची कॉफी, अकराची कॉफी, चारची कॉफी, शिवाय आल्यागेल्याची. त्यात मुनिराजूकडे तर दूध घरचं, म्हणजे हात आखडायचं कारण नाही. खेड्यात पाहुणे जास्त. अण्णांनी आठवण करून दिली की सणावाराला पायस होणार. ताक, तूप वेगळंच. मुनिराजूला रात्री झोपताना पेलाभर दूध लागत असेल, कारण अण्णांना लागतं. असं करत करत आकडा चार लिटरांवर गेला, आणि तिथे एकमत इतकं घट्ट झालं की पुन्हा हलेना.

या चार लिटरांची किंमत सुधींद्रांनी धरली. घरी वापरलेला माल हे उत्पन्नच असतं, तेवढं दूध बाजारातून आणलं असतं तर जे पडलं असतं त्या भावाने ते धरायचं, असं ते म्हणाले. पाकिटाचा भाव वसुमतीबाईंना पाठ होता. दूध सोसायटी शेतकऱ्याला त्याहून कितीतरी कमी देते हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्या खोलीतल्या कुणीही दुधाचं पाकीट शेतकऱ्याच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. झालं असं की मुनिराजू जितकी कॉफी पिईल तितका त्याचा धंदा बरकतीत येऊ लागला. अण्णांनी आणखी एक कप मागितला आणि सगळ्यांनी समाधानाने पुन्हा कॉफी घेतली.

सौम्या धारवाडहून आली ती दमून. आकडे पाहून ती चार लिटरांपाशी थबकली. एवढं दूध घरी ठेवतात का, असं तिने विचारलं, तर शेतकऱ्याच्या घरी पाहुणे येतात, असं उत्तर मिळालं. बैठकीत कोण कोण होते, असंही तिने विचारलं.

"अनुभवी माणसं," विश्वेश्वरराव म्हणाले.

सौम्याने लहानपणापासून वडिलांच्या शब्दावर भिस्त ठेवली होती. तिने आकडे भरले आणि पाठवून दिले. हे सांगताना जीभ जड होते, पण त्या रात्री विश्वेश्वररावांना उत्तम झोप लागली.

पुढे महिन्याभरात देशोदेशीचे गोठे एका तक्त्यावर आले. जर्मनीचा गोठा मजुरीने मारला होता, हॉलंडचा जमिनीच्या भावाने, ब्राझीलचा वाहतुकीने. न्यूझीलंडच्या गाई मोकळ्या कुरणात चरतात म्हणून त्यांचं दूध जगात सगळ्यात स्वस्त पडतं असा आजवरचा सिद्धांत होता. यंदा त्यांच्याही वर, पहिल्या जागी, तीन गाईंचं होस्कोटे येऊन बसलं होतं. यशोवर्धनांनी स्वतः विश्वेश्वररावांना फोन केला. "काका, बेसिकली तुमच्या होस्कोट्याने न्यूझीलंडला बीट केलंय," ते म्हणाले, आणि वर सांगितलं की या जाळ्याच्या प्रमुख आन्नेकेबाई हॉलंडहून येतायत. चाळीस देशांत कुठल्याच शेतकऱ्याचं घर स्वतःच्या दुधातलं इतकं दूध पीत नाही. गोठा चालवून कुटुंबही इतकं सुखात ठेवणारा शेतकरी त्यांना डोळ्यांनी बघायचा होता. अगदी तोच नाही, पण त्याच्यासारखा एखादा गोठा काकांनी दाखवावा. सौम्याच्या कामावर बाई फार खूश आहेत, भेट झाली की लगेच तिचा परमनंटचा कागद करतो.

विश्वेश्वररावांनी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग त्यांना पहिल्यांदा किंचित घाम आला. तरी धीर सुटला नाही. जगात पहिला आलेला गोठा होस्कोट्यात शोधला तर सापडणारच, असा त्यांचा हिशेब होता.

ते आधी सरकारी मार्गाने गेले. पशुवैद्यकीय कार्यालयात जाऊन त्यांनी अर्ज दिला की दोन संकरित व एक हल्लीकर असा गोठा कुठे आहे ते कळवावं. तिथल्या कारकुनाने गाईंच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर मागितले. गाई कुठल्या तेच शोधायचंय, नंबर कुठून देऊ, असं हे म्हणाले. नंबराशिवाय गाय शोधता येत नाही, असं तो म्हणाला. हेच वाक्य विश्वेश्वररावांनी आयुष्यभर शेकडो शेतकऱ्यांना ऐकवलं होतं. ते टेबलाच्या या बाजूने ऐकताना इतकं उर्मट वाटतं याची त्यांना कल्पना नव्हती, आणि बाहेर येईपर्यंत ते त्या कारकुनाच्या संस्कारांविषयी बोलत होते.

मग सुधींद्रांची गाडी घेऊन तिघे स्वतःच हिंडले. होस्कोट्याच्या आजूबाजूला आता जिकडेतिकडे गोदामं झाली आहेत. दोन गोदामांच्या मधल्या पट्टीत कुठे गोठा दिसायचा, तर त्यात एकच गाय असायची, नाहीतर एकदम बारा. वाटेत भेटेल तो सल्ला द्यायचा. चहावाला म्हणाला पुढे चिंतामणी गावाकडे जा, पंक्चरवाला म्हणाला गाई सोडा, गुलाब लावा. शेवटी चिक्कण्णा नावाचा शेतकरी भेटला. त्याच्याकडे दोन संकरित गाई होत्या आणि त्याच्या मेव्हण्याकडे एक हल्लीकर. परदेशी बाई येऊन गोठा बघून जाणार, तेवढ्यापुरती मेव्हण्याची गाय इथे आणून बांध, असं ठरलं. चिक्कण्णाला यात गैर काही वाटलं नाही, लग्नात शेजारच्या खुर्च्या आणतातच. बाकी काही विचारलं तर काय सांगू, एवढं त्याने विचारलं. बाकीचं आम्ही बघू, असं विश्वेश्वररावांनी ठणकावून सांगितलं.

भेटीच्या दिवशी मंडळी सकाळीच हजर झाली. वसुमतीबाई पितळी फिल्टर आणि कॉफीची पूड घेऊन आल्या, कारण जो गोठा कॉफीवर जगात पहिला आला तिथे पाहुणीला कॉफी मिळायलाच हवी. अण्णा पांढरं धोतर नेसून आले. हल्लीकर गाईची दोरी कुणी धरायची याचा प्रश्नच नव्हता, पूर्वजांचं नाव सांगणारे तेच. गाईने अण्णांकडे एकदा पाहिलं आणि ती सरळ आपल्या घराच्या दिशेने निघाली. तिच्या घराची वाट मध्ये झालेल्या गोदामातून जात होती. अण्णा दोरीसकट गोदामाच्या फाटकापाशी पोचले तेव्हा तिथल्या पहारेकऱ्याने त्यांना अडवून गाडी कुठल्या कंपनीची असं विचारलं. मग त्याने मान वर केली, गाय पाहिली, आणि गेटपास नसेल तर आत सोडता येणार नाही म्हणून सांगितलं. अण्णा त्याला शहाजीराजांपासून सांगू लागले. सुधींद्र धावत गेले आणि पावती करून वाद मिटवण्याचा प्रयत्न करू लागले.

दुसरी अडचण घरात उभी राहिली. वसुमतीबाईंनी चिक्कण्णाच्या बायकोकडे दूध मागितलं, तर घरात दूध नव्हतं. पहाटे काढलं ते सगळं सोसायटीत गेलं. पोराच्या वाटीपुरतं ठेवलं होतं ते त्याने प्यायलं. आता थेट संध्याकाळी. गोठ्यात दोन गाई रवंथ करत उभ्या आणि घरात कॉफीला थेंब नाही, हे वसुमतीबाईंना आधी खरंच वाटेना. त्यांनी सुधींद्रांना गोदामापासून परत बोलावलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं.

गाडी आली ती नेमकी याच वेळी. आधी यशोवर्धन उतरले, मग आन्नेकेबाई, उंच, हसऱ्या, पायात चिखलाचे बूट घालून तयारीने आलेल्या, आणि शेवटी सौम्या. सौम्याने पाहिलं की लांबून सयाजीकाका एका गाईबरोबर फरफटत येतायत, सुधींद्रअंकल हातात दुधाची पाकिटं घेऊन फाटकात उभे आहेत, आणि दारात आई फिल्टरवर झाकण ठेवतेय. तिने एकेकाकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं, आणि त्या बैठकीतली अनुभवी माणसं कोण होती ते तिला कळलं. विश्वेश्वररावांनी आजवर हजारो पंचनामे वाचले होते, पण असा चेहरा त्यांनी कुठल्याच कागदावर पाहिला नव्हता.

आन्नेकेबाईंची नजर सुधींद्रांच्या हाताकडे गेली. त्यांनी एक पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून वाचलं, आणि गोठ्याकडे पाहिलं. मग चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून त्या चिक्कण्णाजवळ गेल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या की याला विचारा, रोजच्या दुधातलं घरी किती ठेवतो. यशोवर्धन आठ वर्षं बेंगळुरात होते, पण त्यांचं कन्नड स्वल्प आणि सरी, म्हणजे थोडं आणि बरं, या दोन शब्दांवर भागत होतं. त्यांनी सौम्याकडे पाहिलं. सौम्याने कन्नडमध्ये प्रश्न विचारला.

चिक्कण्णाला वाटलं, हा प्रश्न तरी सोपा आहे. त्याने सांगितलं की ठेवतो अर्धा लिटर, पोरासाठी. बाकी सगळं सोसायटीत. पाहुणे आले तर दुकान आहेच.

त्या घोळक्यात कन्नड न कळणारी दोनच माणसं होती, आणि नेमकी तीच उत्तराची वाट पाहत होती. मधे सौम्या उभी होती. तिच्या तोंडून जो आकडा येईल तोच खरा ठरणार होता. अण्णांनी डोळे मिटले. सुधींद्रांनी दुसरं पाकीट पाठीमागे लपवलं. सौम्याने तोंड उघडलं, आणि तिचे डोळे एकदा वडिलांवर येऊन गेले.

"अर्धा लिटर, मॅडम," विश्वेश्वरराव इंग्रजीत म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचाच, ऑफिसात दावा नामंजूर करतानाचा. "याच्याकडे अर्धा लिटर. चार लिटर आम्ही माझ्या घरी बसून ठरवलं, बसवनगुडीत. आपल्या तक्त्यावर पहिला आलेला गोठा म्हणजे माझा दिवाणखाना. माझ्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं ते तिने विश्वासाने लिहिलं."

मग एकदा सुरुवात झालीच आहे म्हटल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. निवडणूक, बिर्याणी, वीस लिटर देणाऱ्या मेलेल्या गाई, पाकिटाचा भाव, मेव्हण्याची हल्लीकर. काहीच वगळलं नाही. यशोवर्धनांचा चेहरा पेंडीच्या पोत्यासारखा झाला. आन्नेकेबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं, मधे दोनदा त्यांना हसू आवरावं लागलं, पण शेवटी त्या हसल्या नाहीत. होस्कोट्याचा आकडा तक्त्यावरून काढावा लागेल, त्या म्हणाल्या. बैठक पुन्हा घ्या, इथल्याच माणसांबरोबर. कोण घेणार, असं यशोवर्धनांनी विचारलं, तेव्हा बाईंनी सौम्याकडे बोट केलं. परमनंटचं आता नाही, सहा महिने करार वाढवू, मग बघू, असं यशोवर्धन तिला इंग्रजीत आणि मग मराठीतही म्हणाले. दोन्ही भाषांत ते सारखंच कडू लागलं. कॉफी झाली होती ती सगळ्यांनी प्यायली, आणि चिक्कण्णा म्हणाला की घट्ट झालीय, आमच्याकडे एवढं दूध घालत नाहीत.

परत येताना सौम्या संस्थेच्या गाडीत बसली नाही. ती सुधींद्रांच्या गाडीत मागे, वडिलांशेजारी येऊन बसली. पुढे अण्णा धोतरावरचं शेण खरवडत होते. विश्वेश्वररावांना फार वाईट वाटत होतं. मुलीची पक्की होत आलेली नोकरी आपण तीन गाईंच्या पायाखाली दिली, हे त्यांना आता स्वच्छ दिसत होतं. तरी एका गोष्टीचा आधार होता. शेवटी का होईना आपण खरं बोललो, पोरीवर बालंट येऊ दिलं नाही. तो आधार धरून त्यांनी हळूहळू मान ताठ केली. के. आर. पुरमला गाडी थांबली तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि म्हटलं की सौम्या, पुन्हा बैठक घेशील तेव्हा मी येणार नाही.

सौम्या खिडकीतून बाहेर बघत होती.

"अप्पा," ती म्हणाली, "तुम्ही बोलला नसता ना, तर मी चार लिटरच सांगणार होते."

विश्वेश्वररावांनी तिच्याकडे पाहिलं. ती अजून बाहेरच बघत होती. आजवर त्यांना वाटत आलं होतं की खोटा आकडा म्हणजे कागदावरची गोष्ट, फार तर एखादा दावा बुडतो. आपली मुलगी आपल्यासाठी तो आकडा तोंडाने बोलायला निघाली होती, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. गाडी बसवनगुडीत पोचेपर्यंत त्यांनी कशावरही मत दिलं नाही.